डिजिटल चित्रकलेची सुरुवात: कमी खर्चात कोणतं ॲप घ्यावं?

ॲप कोणतं घ्यावं हा प्रश्न नंतरचा. आधी बघा, तुमच्याकडे आत्ता काय आहे: अँड्रॉइड फोन, घरातला जुना लॅपटॉप, की भावंडांत मिळून वापरायचा आयपॅड? हात राखून खर्च करायचा असेल तर ॲप हातातल्या उपकरणावरून ठरवावं आणि जो काही पैसा घालायचा तो आधी पेनात घालावा, असं माझं ठाम मत आहे. आजची फुकट ॲपं इतकी समर्थ आहेत की पहिलं वर्ष-दोन वर्षं ॲपमुळे कुणाचं चित्र अडत नाही. चित्र अडतं ते दाब न ओळखणाऱ्या पेनामुळे, भलत्याच आकाराच्या कॅनव्हासमुळे आणि कधीच न घेतलेल्या बॅकअपमुळे.

पहिली पायरी: उपकरण आणि त्याची मेमरी

डिजिटल चित्र लेयरांत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांत काढतात, आणि प्रत्येक लेयर मेमरी खातो. छपाईयोग्य ए-4 कागद म्हणजे 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) 2480 × 3508 पिक्सेल, म्हणजे जवळपास 87 लाख पिक्सेल. एका पिक्सेलला 4 बाइट धरले तर भरलेला एक लेयर साधारण 35 एमबी घेतो. असे वीस लेयर झाले की 700 एमबी गेले, आणि त्याच वेळी फोनवर व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि आणखी दहा गोष्टी चालूच असतात. म्हणून 3-4 जीबी रॅमच्या फोनवर ॲप ‘आणखी लेयर घेता येणार नाही’ म्हणतं तेव्हा ॲप वाईट आहे असं समजू नका. त्याच फोनवर 1500 × 2100 पिक्सेलचा कॅनव्हास घेतलात तर सरावाचं चित्र निवांत होतं.

लॅपटॉप 4 जीबी रॅमचा असला तरी हरकत नाही. चित्र काढायला बसताना ब्राउझर बंद करा, एवढ्यानेही खूप फरक पडतो. नवा लॅपटॉप घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: पेन, म्हणजे पहिला खरा खर्च

मोबाइलच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत रबरी टोकाचा किंवा पारदर्शक चकतीचा स्टायलस मिळतो. तो पडद्याला बोटासारखाच वाटतो. त्याला दाब कळत नाही, त्यामुळे रेघ हलक्या हाताने काढा की जोर देऊन, जाडी तीच. बोटापेक्षा टोक कुठे टेकतंय ते नीट दिसतं, एवढा त्याचा फायदा. सरावाला तो चालेल, पण यापेक्षा जास्त पैसे त्यात घालू नका.

लॅपटॉप असेल तर पेन टॅबलेट घ्या. ही पडदा नसलेली पाटी असते. पाटीवर पेन फिरवायचं आणि नजर लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवायची. वॅकॉमचं ‘वन बाय वॅकॉम’ हे छोटं मॉडेल चार-पाच हजारांच्या आत मिळतं. त्याचा चित्र काढण्याचा भाग 152 × 95 मिलिमीटर आहे, ते दाबाच्या 2048 पातळ्या ओळखतं आणि पेनाला बॅटरी लागत नाही. ह्युइऑन आणि एक्सपी-पेन यांच्या पाट्याही याच किमतीच्या आसपास असतात. 2048 पातळ्या की 8192, या आकड्यांच्या मागे लागू नका. नवशिक्याच्या हाताला तो फरक कळत नाही, पाटीचा आकार मात्र लगेच कळतो. बजेट थोडं वाढवता येत असेल तर ते मोठ्या पाटीसाठी वाढवा.

पाटी फोनला जोडायची असेल तर खोक्यावर अँड्रॉइड चालत असल्याचं छापलंय का ते पाहूनच घ्या. उभ्या धरलेल्या फोनला जोडल्यावर पाटीचा बराच भाग वाया जातो आणि एक अरुंद पट्टीच कामाला उरते, हेही आधी माहीत असू द्या.

पाटीवर पहिले काही दिवस हात भलतीकडे जातो. सगळ्यांचंच असं होतं, त्याने खट्टू होऊ नका. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तपासा. पाटीवर वाटी उपडी ठेवून तिच्या कडेने पेन फिरवा. पडद्यावर गोल उमटला तर ठीक. अंडाकृती उमटला, तर ड्रायव्हरच्या, म्हणजे पाटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये जाऊन पाटी आणि पडदा यांचं प्रमाण सारखं ठेवण्याचा पर्याय चालू करा. हे न केल्यामुळे कितीतरी मुलं महिनोन्महिने ताणलेले चेहरे काढतात आणि दोष आपल्या हाताला देत राहतात.

टॅब घेणार असाल तर सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस-6 लाइटसारखे टॅब पाहा. त्यात एस पेन खोक्यातच येतं, ते दाब ओळखतं आणि चार्ज करावं लागत नाही. आयपॅड घेताना, विशेषतः जुना घेताना, डोळे उघडे ठेवा. ॲपल पेन्सिलचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालत नाही. त्यातली 2023 मध्ये आलेली यूएसबी-सीवाली पेन्सिल तुलनेने स्वस्त आहे, म्हणून लोक हौसेने घेतात. पण तिला दाब ओळखता येत नाही. टिपणं काढायला ती उत्तम आहे, चित्रकाराने मात्र घेऊ नये. 2021 चा नवव्या पिढीचा आयपॅड घेतलात तर त्याला पहिल्या पिढीची पेन्सिल लागते, आणि तिला दाब कळतो.

तिसरी पायरी: आता ॲप

फोनवर चित्र काढणाऱ्याने आयबिसपेंट एक्सपासून सुरुवात करावी. हे जपानी ॲप 2011 पासून आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं आणि फुकट आहे. जाहिराती येतात, काही ब्रश जाहिरात पाहिल्यावर ठरावीक वेळापुरते उघडतात. तरीही मी हेच सुचवतो, कारण हे ॲप बोटाने चित्र काढणाऱ्याचा विचार करून बनवलेलं आहे. थरथरती रेघ सरळ करणारं स्टॅबिलायझर त्यात आहे. शिवाय दाब नसतानाही रेघेची दोन्ही टोकं आपोआप निमुळती करण्याची सोय आहे, त्यामुळे बोटाने काढलेली पापणी किंवा केसाची बटही जिवंत वाटते. चित्र कसं घडलं याचं रेकॉर्डिंग आपोआप होतं, ते पुन्हा पाहून आपण कुठे अडलो हे शिकता येतं. जाहिराती फारच खुपल्या तर एकदाच पैसे भरून त्या बंद करता येतात. मासिक सदस्यत्वाचा पर्याय वेगळा आहे, त्या दोन्हींत गल्लत करू नका.

लॅपटॉपवर क्रिता. याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण पैसे नसलेल्या चित्रकारासाठी यापेक्षा मोठी देणगी नाही. क्रिता हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातून वाढलेलं ॲप आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. क्रिता डॉट ऑर्ग या त्यांच्या साइटवरून उतरवलं तर एक रुपयाही लागत नाही. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर त्याला किंमत आहे. ते पैसे प्रकल्पाच्या विकासाला जातात, ॲप मात्र तेच असतं. त्यात शंभराहून अधिक तयार ब्रश आहेत, ॲनिमेशन आहे, आणि नक्षीकाम करणाऱ्यांसाठी एक फार सुंदर सोय आहे: डब्ल्यू हे बटण दाबलं की कॅनव्हास चहूबाजूंनी स्वतःलाच जोडला जातो. उजवीकडून बाहेर गेलेली वेल डावीकडून आत येते. साडीच्या काठाची किंवा कापडावरच्या बुट्ट्यांची नक्षी यात जोड न दिसता बसते. रांगोळीसारखी चक्राकार आकृती काढायला त्यातला मल्टिब्रश वापरा, म्हणजे एक रेघ काढली की तिच्या प्रती गोलाकार उमटत जातात.

क्रितात नवशिक्या हमखास दोन ठिकाणी अडतो. पहिली अडचण विंडोजवरची: पेन चालतं, पण दाब लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘कॉन्फिगर क्रिता’ उघडा, टॅबलेटच्या पानावर जा. पेनाचा दाब ॲपला कळवण्याच्या दोन पद्धती तिथे दिसतील: विंटॅब ऐवजी विंडोज इंक, किंवा विंडोज इंक असेल तर विंटॅब निवडा. क्रिता बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच संपतं. दुसरी अडचण क्लिपिंगची. आयबिसपेंटमध्ये एका लेयरची सावली खालच्या लेयरच्या आकारापुरती मर्यादित ठेवायला ‘क्लिपिंग’ एवढं एकच बटण आहे. क्रितात त्यासाठी ‘इनहेरिट अल्फा’ आहे आणि ते खालच्या सगळ्या लेयरांचा मिळून आकार धरतं. तळाशी पांढरी पार्श्वभूमी असेल तर काहीच झालं नाही असं वाटतं. म्हणून आकार आणि सावली आधी एका ग्रुपमध्ये घाला. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबलं की असा ग्रुप तयार होतो.

क्रिता अँड्रॉइडवरही आहे, पण तो मोठ्या पडद्याच्या टॅबसाठी. फोनवर बटणं इतकी बारीक दिसतात की त्या वाटेला न गेलेलं बरं.

बाकीची ॲपं थोडक्यात. स्केचबुक पूर्वी ऑटोडेस्कचं होतं, 2021 मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेलं. फोन आणि टॅबवर ते फुकट मिळतं आणि पडदा अगदी मोकळा ठेवतं. ज्याला फक्त पेन्सिलीने रेखाटनं करायची आहेत त्याला मी आयबिसपेंटच्याही आधी हे देईन. संगणकावरची त्याची प्रो आवृत्ती मात्र विकत घ्यावी लागते. मेडिबँग पेंट कॉमिक्स काढणाऱ्यांसाठी: चौकटी पाडायची सोय तयार मिळते आणि फोनवर सुरू केलेलं पान क्लाउडमधून लॅपटॉपवर उघडता येतं. अडोबीचं फ्रेस्को ऑक्टोबर 2024 पासून पूर्ण फुकट झालं. त्यातला ओला जलरंग खरोखर कागदावर पसरावा तसा पसरतो. ते आयपॅड, आयफोन आणि विंडोजवर आहे, अँड्रॉइडवर नाही.

विकतच्या ॲपांत दोन नावं सारखी कानावर येतील. प्रोक्रिएट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामधल्या कंपनीचं आहे. ते एकदाच विकत घ्यायचं, मासिक वर्गणी नाही. अमेरिकेत त्याची किंमत 12.99 डॉलर आहे. आयपॅड आणि दाब ओळखणारी पेन्सिल आधीच घरात असेल तर ही खरेदी डोळे झाकून करावी. त्यासाठी मुद्दाम आयपॅड घेऊ नये. प्रोक्रिएट अँड्रॉइडवर येत नाही. प्ले स्टोअरवर त्या नावाशी मिळतंजुळतं काही दिसलं तर ते दुसऱ्याच कुणाचंतरी आहे. दुसरं नाव क्लिप स्टुडिओ पेंट. त्यातला व्हेक्टर लेयर शाई करणाऱ्याला, म्हणजे कच्च्या रेखाटनावर पक्क्या रेघा ओढणाऱ्याला, फार उपयोगी पडतो: काढून झालेल्या रेघेची जाडी नंतर बदलता येते आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथपर्यंतचा जास्तीचा तुकडा एका फटक्यात पुसता येतो. संगणकासाठी ते एकरकमी घेता येतं आणि वर्षातून अनेकदा सवलतीत मिळतं. टॅबवर वर्गणी लागते. कॉमिक्स हाच व्यवसाय करायचा ठरेपर्यंत याची गरज नाही.

‘मॉड एपीके’ म्हणून फिरणाऱ्या फोडलेल्या प्रती घेऊ नका. त्याच फोनवर तुमचे फोटो आणि बँकेचं ॲप असतं, आणि समोर क्रितासारखं सॉफ्टवेअर राजरोस फुकट मिळत असताना तो धोका पत्करायचं काही कारणच नाही.

चौथी पायरी: एकच चित्र दोन ॲपांत

व्हिडिओ पाहून ॲप ठरत नाही. वरच्यापैकी तुमच्या उपकरणावर चालणारी दोनच ॲपं घ्या आणि दोन्हींत एकच वस्तू काढा. मी पितळेचा तांब्या सुचवतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी केलेल्यांना वस्तुचित्रातला तांब्या ओळखीचा असतोच. त्याच्या आकारात ॲपची सगळी परीक्षा होते. गळ्याची लंबगोल कड ओढताना स्टॅबिलायझर कळतो. पोटाची लांब वळणदार रेघ ओढताना दाब नीट लागतोय का आणि रेघ पेनाच्या मागे रेंगाळते का, ते दिसतं. पितळेवरची चकाकी काढताना रंग एकमेकांत मिसळणारे ब्रश कसे आहेत ते समजतं.

खिडकीजवळ तांब्या ठेवा आणि तीन लेयर घ्या: खाली रंग, त्यावर सावली, सगळ्यांत वर रेघा. रेघा झाल्यावर बादलीने रंग भरा. रेघ आणि रंग यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट राहिली तर घाबरू नका. भरण्याच्या साधनात रंग दोन-तीन पिक्सेल बाहेर वाढवण्याचा पर्याय असतो, आयबिसपेंटमध्येही आणि क्रितातही. तो वाढवला की फट झाकली जाते. सावलीचा लेयर ‘मल्टिप्लाय’वर टाका (या पर्यायाने वरचा रंग खालच्या रंगाला गडद करतो) आणि सावलीला काळा घेण्याऐवजी तांबूस तपकिरी किंवा जांभळट रंग घ्या. काळ्याने पितळ मळकट दिसतं.

चित्र काढताना तळहात पडद्याला टेकल्यामुळे नको त्या रेघा उमटतात का, अनडू करायला हात फार लांब न्यावा लागतो का, ब्रशचा आकार बदलायला किती ठिकाणी दाबावं लागतं, याकडे लक्ष ठेवा. दोन तासांच्या बैठकीत या तीन गोष्टी शेकडो वेळा होतात. ज्या ॲपात त्या विचार न करता होतात ते तुमचं ॲप. ब्रश किती आहेत याचा इथे काही संबंध नाही. खरं तर पहिले दोन महिने तीनच ब्रश वापरा: एक टोकदार, एक पसरट, एक मऊ.

पाचवी पायरी: चित्र जपून ठेवणं

आयबिसपेंट आणि प्रोक्रिएट चित्रं आपल्याच आतल्या गॅलरीत ठेवतात. जागा कमी पडली म्हणून ॲप काढून टाकलं की त्या चित्रांच्या लेयरसकट फाइलीही जातात. ‘फोनच्या गॅलरीत आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका, तिथे असते ती चपटी, म्हणजे लेयर नसलेली प्रत. म्हणून आठवड्यातून एकदा महत्त्वाची चित्रं पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या लेयरसकट फाइलीच्या प्रकारात, बाहेर काढा आणि गूगल ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. पीएसडी निवडण्याचं कारण म्हणजे उद्या ॲप बदललं तरी लेयर बहुतेक तसेच उघडतात. आयबिसपेंटमधली पीएसडी क्रितात उघडते, आणि फोनवरून लॅपटॉपकडे जाण्याचा हाच सरळ रस्ता आहे. क्रितात काम करताना मूळ फाइल त्याच्या स्वतःच्या केआरए प्रकारातच ठेवा. लोकांना पाठवायला पीएनजी. व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक केलं जातं आणि कडा फुटतात.

चित्रावर देवनागरी अक्षरं

शुभेच्छापत्र, मुखपृष्ठ किंवा कॉमिक्सचा संवाद लिहायचा असेल तर ॲप पक्कं करण्याआधी त्यात ‘निर्मिती’, ‘विठ्ठल’ आणि ‘ज्ञानेश्वर’ हे तीन शब्द टाइप करून पाहा. पहिली वेलांटी जागेवर आहे का, रफार योग्य अक्षरावर बसलाय का, जोडाक्षर पाय मोडून सुटं पडलंय का, हे लगेच दिसेल. गडबड दिसली तर त्या ॲपात अक्षरांचा हट्ट धरू नका. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर देवनागरी व्यवस्थित जुळवतं. तिथे मजकूर लिहा, पार्श्वभूमीशिवाय पीएनजी करा आणि चित्रात वरच्या लेयरवर आणून ठेवा. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट पाहा. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात, म्हणजे विकायच्या कामातही वापरता येतात. अर्थात हाताने काढलेल्या अक्षरांची गोडी वेगळीच. पाटीवर हात बसला की मथळा स्वतःच्या हाताने लिहून बघाच.

छापायला देणार असाल तर

दिवाळी अंकासाठी रेखाटन किंवा मुखपृष्ठ करायची संधी आली तर सुरुवातीलाच संपादकांना छपाईचा नेमका आकार विचारा आणि 300 डीपीआयचा कॅनव्हास त्याच आकाराचा घ्या. चारही कडांना कापणीसाठी 3 मिलिमीटर जास्त ठेवा. छोटं चित्र नंतर ताणून मोठं केलं तर ते धूसर होणारच, त्यावर कुठल्याही ॲपात इलाज नाही.

दुसरी गोष्ट रंगांची. पडदा आरजीबीत, म्हणजे प्रकाशाने रंग दाखवतो. छापखाना सीएमवायकेत, म्हणजे चार शायांनी छापतो. झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा, पेटता केशरी हे रंग शाईत उतरत नाहीत, छापल्यावर मंद होतात. क्रितात कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत रंग साधारण कसे दिसतील त्याची झलक मिळते. प्रोक्रिएटमध्ये सीएमवायके कॅनव्हास घेता येतो. फोनवरच काम करत असाल तर रंग थोडे संयमाने निवडा आणि अंतिम फाइल देण्याआधी जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून एक ए-4 प्रत काढून घ्या. थोडक्या पैशांत त्यातून जे कळतं ते पडद्यावर कळणार नाही.

पैसे कधी भरावेत

फुकट ॲपमध्ये एखादी अडचण पुन्हा पुन्हा येते, तिचं नाव तुम्हाला नेमकं सांगता येतं आणि विकतच्या ॲपात तिच्यावर उपाय आहे हे चाचणीच्या मुदतीत तुम्ही स्वतः करून पाहिलंय, तेव्हा भरा. त्याआधी नाही. एकरकमी आणि वर्गणी असे दोन्ही पर्याय असतील तर दोन वर्षांच्या वर्गणीची बेरीज करून मग तुलना करा.

मोफत चाचणी सुरू करताना तिची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये लगेच टाका. ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जायचं आणि तिथून ती रद्द करायची. आयपॅडवर सेटिंग्जमध्ये सगळ्यांत वर आपलं नाव असतं, त्याच्या आत ‘सबस्क्रिप्शन्स’ सापडेल.